केटिल दारातच का थांबतो

मंगळवार, ७ जानेवारी

सकाळी उणे एकतीस. तरी वर्ग भरला.

एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, आणि गेली सात वर्षं गावच्या सभागृहात साठीच्या पुढच्यांना हातपाय हलवायला लावतेय. तरी आज पहाटेच जाग आली. आजपासून आमच्या वर्गात स्मृतिभ्रंश झालेली माणसंही येणार होती. वेगळा वर्ग नाही, वेगळा कोपरा नाही, सगळ्यांबरोबर. कल्पना मारिसेलची. आरोग्य केंद्रानं पाठवलेली सव्वीस वर्षांची मुलगी आहे ती, पाच गावं सांभाळते. पण नोव्हेंबरच्या सभेत "ही माझीच जुनी इच्छा होती," असं मी ठोकून दिलं, आणि तिनं साधी भुवईसुद्धा उचलली नाही. गुणी पोरगी.

त्यासाठीचं सहा तासांचं शिबिर मी घरबसल्या संगणकावर पुरं केलं. खरं सांगायचं तर साडेचार तासांचं. त्यात 'जागा आणि परिसर' असा एक भाग होता. तो चालू असताना मी कॉफी करून घेतली आणि चित्रं नुसती पुढे सरकवली. त्या सभागृहाची फरशी न् फरशी मला पाठ आहे, मला कसला परिसर शिकवताय! प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं. त्याखाली मी स्वतः लिहिलेली नियमावली, तीही प्लॅस्टिकमध्ये. एकूण सात नियम. सहावा माझा लाडका: 'आक्रमक वर्तनाच्या दोन नोंदी झाल्यास सभासदत्व रद्द.' काय भारदस्त वाटतं वाचायला.

नवे चौघे आले. त्यात फ्योला, जिनं चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे केस कापले. दर दोन मिनिटांनी ती मला विचारायची, "केस कोणी कापले गं तुझे?" मी म्हणायची, "तूच." मग ती समाधानानं, "तरीच."

आणि केटिल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण खांदे अजून दाराएवढे. हिवाळाभर तलावाच्या बर्फाला भोकं पाडून खाली जाळी लावायची, हाच त्याचा जन्माचा धंदा. त्याची बायको लारा माझी शाळेतली मैत्रीण. तिनं त्याच्या कोटाची बटणं काढली, त्याला बाकावर बसवून जोडे बदलले, आणि मग बाहेर जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसली. तासभर इंजिन चालू ठेवून. मला वाटलं होतं, आत येईल, चार उड्या मारेल. नवऱ्याचा इतका कमीपणा वाटावा माणसाला?

वर्गाचं काय सांगू? मी सवयीनं शिट्टी फुंकली. फ्योलानं कान झाकले आणि केटिलनं पोलीस आल्यासारखे दोन्ही हात वर केले. मग मी सूचना दिली: उजवा हात वर, डावा पाय पुढे, श्वास आत, हनुवटी सरळ. कुणालाच जमेना. मलाही नाही. सगळे गोंधळून उभे असताना केटिल एकटाच एकेका हातानं काहीतरी ओढायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा, कंबर वाकवून, सावकाश. त्याचं पाहून शेजारच्यानं केलं, मग सगळ्या वर्गानं. घाम निघाला लोकांचा.

"हेच सांगणार होते मी," असं मी म्हणाले. देवा.

शुक्रवार, १० जानेवारी

शिट्टी खणात गेली. मारिसेल म्हणाली, "मिस रुना, एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि सांगण्यापेक्षा करून दाखवा." म्हणजे मी आजवर जे केलं त्याच्या बरोब्बर उलट. आज नुसतं म्हटलं, "जाळं ओढा." सगळ्यांनी ओढलं. मग "केस विंचरा" म्हटलं, तर फ्योलानं शेजारणीचेच विंचरले. तिचे हात खांद्याच्या वर गेले, जे डॉक्टरला वर्षभरात जमलं नव्हतं.

केटिल जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भरपूर मासा लागला आज." मी दिवसभर फुशारून होते.

मारिसेल उद्यापासून सहा आठवडे मनिलाला, आईकडे. आता सगळं माझ्या हाती. जाताना म्हणाली, काही अडलं तर फोन करा. मला काय अडणार?

वाईट एकच झालं. बुटांवरून आलेला बर्फ वितळून दाराशी थारोळं झालं आणि आपले बॉर्ग, सभागृहाचे रखवालदार, त्यावरून घसरले. दाराशी जो करडा गालिचाचा तुकडा होता तो वीस वर्षांचा, पाण्यानं लिबलिबीत झालेला. उद्या उचलून फेकते. सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता.

मंगळवार, १४ जानेवारी

नवं पायपुसणं आलं! सहा फूट लांब, चार फूट रुंद, जाड रबराचं, कडा दाबलेल्या, पाणी धरणारं. काळंभोर. आमच्या दुधाळ फरशीवर असं काही उठून दिसतं!

बॉर्ग कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "एवढं काळं?"

"मळ दिसत नाही," मी म्हटलं.

"मळ दिसला की पुसता तरी येतो."

त्यांना नवीन काही आवडतच नाही.

आज लोकांचा उत्साह जरा कमी वाटला. केटिल दाराशी बराच वेळ रेंगाळला. फ्योला भिंतीला हात लावत लावत, कडेकडेनं आली, तीही तोंड वाकडं करून. बाकीच्या दोन नव्यांपैकी एकजण तर लांब ढांग टाकून आला, कवायतीत टाकतात तशी. हे मला शाळेपासून ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात हौस असते, दुसऱ्यात अंगचोरपणा सुरू होतो. दुर्लक्ष केलं की जातो.

शुक्रवार, १७ जानेवारी

गेला नाही. केटिल वीस मिनिटं दारात उभा. थंडी आत येतेय, सगळे कुडकुडताहेत आणि हा खाली मान घालून उभा. मी गोडीत सांगितलं. मग दरडावून सांगितलं. मग आतून सगळ्यांना जाळं ओढायला लावलं, म्हणजे त्याला मोह होईल. त्याला मोह झाला. तो दाराबाहेरच, बर्फात उभा राहून जाळं ओढू लागला.

शेवटी लारा ट्रकमधून उतरून त्याला घरी घेऊन गेली. तिच्या गालावर खिडकीच्या रबराचा वळ उठला होता. मी म्हटलं, "लारा, तू आत येऊन बसलीस तर तोही येईल. जरा त्याच्याबरोबर राहायला शीक."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ट्रकचं दार ओढून घेतलं. मी फार तर स्पष्ट बोलते, वाईट नाही बोलत.

मंगळवार, २१ जानेवारी

वादळ. रात्रीत पुढच्या दाराशी छातीएवढा बर्फ साचला. बॉर्ग म्हणाले, फावडं मारेपर्यंत दुपार होईल. म्हणून सगळ्यांना मागच्या बाजूनं, स्वयंपाकघरातून आत घेतलं.

आणि काय सांगू! केटिल सगळ्यांत आधी आत. फ्योला ठुमकत आली. पंधराच्या पंधरा जण. अख्खा तास कुणी जागचं हललं नाही, म्हणजे हललं, पण हवं तसंच. शेवटी केटिलनं मला खुर्चीवरून उठवून दोन पावलं नाचवलंसुद्धा.

कारण उघड आहे. आज मी संत्री आणली होती. आत शिरतानाच प्रत्येकाच्या हातात एकेक सोललेलं संत्रं. गंधानं स्मृती जागी होते, असं शिबिरात कुठेतरी होतं. 'संत्र्याचा प्रयोग' या नावानं आरोग्य केंद्राला टिपण पाठवावं म्हणते.

शुक्रवार, २४ जानेवारी

पुढचं दार मोकळं झालं. संत्री दोन डझन.

केटिल पुन्हा दारात थांबला. म्हटलं, आपणच पुढे व्हावं. मी पायपुसण्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरले, दोन्ही हातांत संत्री, आणि म्हटलं, "ये केटिल, ये!"

त्यानं माझा दंड धरला आणि असा हिसका दिला की मी थेट बाहेरच्या बर्फात गुडघ्यांवर. संत्री पायऱ्यांवरून गडगडत रस्त्यापर्यंत. वर तो माझ्यावरच ओरडला, मूर्ख म्हणाला. सगळ्या वर्गासमोर. मला. शाळेत मी ज्यांना मूर्ख म्हणायची ते आज गावचे नगरसेवक आहेत.

दंडावर चार बोटांचा निळा ठसा. नियम म्हणजे नियम. नोंद क्रमांक एक: 'आक्रमक वर्तन, चिथावणीशिवाय.' आरोग्य केंद्राला रवाना.

मंगळवार, २८ जानेवारी

केटिल आला, थांबला, म्हणाला, "इथे खोल आहे."

मी नोंदवहीत लिहिलं: 'स्थळाचं भान नाही.'

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

फ्योला नेहमीप्रमाणे भिंतीकडेनं येत होती. मी म्हटलं, "अगं, सरळ मधून ये, हे काय उंदरासारखं!" आणि तिचा हात धरून तिला मध्ये घेतलं. केटिल दाराबाहेर होता. तो एकदम झेपावला, तिच्या कोटाला मागून धरून तिला ओढलं, आणि दोघं पायरीवर आदळली. फ्योलाचं मनगट मुरगळलं. मोडलं नाही, नशीब. ती रडत होती आणि तो तिच्या कोटावरून हात फिरवत होता, पुन्हा पुन्हा, खालपर्यंत. मी त्याला बाजूला केलं. लोकांनी पाहिलं.

नोंद क्रमांक दोन.

सहावा नियम भिंतीवर होताच, माझ्याच सहीचा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लारा आली. मी कॉफी केली, आलुबुखाऱ्याच्या थरांचा केक कापला. तिनं साखरेचा खडा दातांत धरला आणि तसाच धरून बसली, कॉफीला तोंडच लावलं नाही.

"ब्रागीला आरोग्य केंद्राकडून तुझे दोन्ही कागद मिळालेत," ती म्हणाली. ब्रागी तिचा मुलगा, शहरात असतो. "म्हणतो, आता बाबा धोकादायक झालेत. विनिपेगच्या कुलूपबंद वॉर्डात नाव लावलंय. चोवीस तारखेला तपासनीस बाई येणार आणि ठरवणार. 'आक्रमक' असं लिहिलं असेल ना, रुना, तर घरी ठेवू देत नाहीत."

मी म्हटलं, "मी तर फक्त घडलं तेच लिहिलं."

"पन्नास वर्षांत त्यानं माझ्यावर हात उचलला नाही गं. कुत्र्यावरसुद्धा नाही."

"आजार माणसाला बदलतो, लारा. शिबिरात..."

"तुझं शिबिर राहू दे." मग कप बाजूला सारून म्हणाली, "तो रात्री चार-चारदा उठतो. जाळी बघायला जायचंय म्हणतो. मंगळवार आणि शुक्रवार, तुझ्या त्या एका तासात, मी ट्रकमध्ये झोपायचे. तेवढीच माझी झोप. म्हणून बाकीचे दिवस निभायचे."

गालावरचा तो वळ. मी तिला म्हटलं होतं, त्याच्याबरोबर राहायला शीक.

ती गेल्यावर केक झाकून ठेवला. आज मला माझाच राग आलाय, आणि तो कुणावर तरी काढावा तर घरात मी एकटीच.

रविवार, १६ फेब्रुवारी

केटिलची लोकरी टोपी सभागृहाच्या पायरीवर राहिली होती. ती द्यायच्या निमित्तानं गेले. निमित्तच ते, टोपी पोस्टानंही गेली असती.

लारा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं. केटिल दाराशी बूट चढवत होता, कोपऱ्यातली बर्फ फोडायची लोखंडी पहार हातात. तिला उठवायचं जिवावर आलं. म्हटलं, मीच जाते याच्याबरोबर, अर्ध्या तासात आणते.

तो तलावावर निघाला. वर्गात अडखळणारा माणूस हाच का, असं वाटावं, असा चालत होता. चार पावलं, पहारेचा ठोका, कान देऊन ऐकणं, पुन्हा चार पावलं. मी मागून धापा टाकत. त्याची ठोकाठोक मला रेंगाळणं वाटली, म्हणून मी आपली पुढे झाले. पुढे एका जागी वाऱ्यानं बर्फ उडवून नेल्यासारखं दिसत होतं, गुळगुळीत काळा पट्टा, चालायला सोपा.

आणि दंडावर तोच हिसका. तीच चार बोटं, त्याच जागी. मी पुन्हा बर्फात, या वेळी पाठीवर.

"काळं दिसतं तिथे पाय टाकायचा नाही, पोरी," तो म्हणाला. ओरडला नाही. पुढे होऊन त्यानं पहार दोनदा मारली. तिसऱ्या ठोक्याला पहार आरपार गेली आणि पाणी वर आलं.

मग तो माझ्या पायांशी वाकला आणि माझी विजार चाचपली, गुडघ्यापासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा. कोरडी आहे म्हटल्यावर मान डोलावली.

त्याला लाराकडे पोचवून मी घरी आले. त्यानं आज मला वाचवलं, हे मी मान्य करते. म्हणजे तलावावर त्याचं सगळं भान शाबूत आहे. मग वर्गातच त्याला काय होतं, कोण जाणे. बहुधा गर्दीनं बिथरत असेल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मी गाढव आहे. हे मी शांतपणे, विचार करून, ठळक अक्षरात लिहितेय.

सकाळी सभागृह उघडायला गेले. बाहेर लख्ख ऊन आणि बर्फ, डोळे दिपलेले. दार उघडलं, आणि पाय उचलला, आणि तो खाली टेकवेना. समोर पांढरी फरशी. तिच्या मधोमध काळं. कडा नसलेलं, तळ नसलेलं काळं. एक क्षणभर, फार तर दोन. मग डोळे सरावले आणि ते पायपुसणं झालं.

माझे डोळे सरावतात. त्याचे सरावत नसतील.

मी तशीच उभी राहिले. भिंतीकडेनं येणारी फ्योला. लांब ढांग टाकणारा तो. स्वयंपाकघरातून ठुमकत आलेले पंधराच्या पंधरा, आणि माझी ती संत्री! 'इथे खोल आहे.' तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या दारात उभा राहून बघत होता, मी हसत हसत लोकांना भोकात बोलावतेय. शेवटी मी स्वतःच भोकावर उभी राहून दोन्ही हात पसरले. तर मूर्ख म्हणणार नाही तर काय म्हणेल?

बॉर्ग आले. "रुना, दहा मिनिटं झाली तुला दारात उभं राहून. तुलाही लागण झाली की काय?"

"बॉर्ग, तुम्ही म्हणाला होता, एवढं काळं."

"मी रोज काही ना काही म्हणतो. कोण ऐकतं?"

घरी येऊन शिबिराचा तो सोडलेला भाग काढला. तिसरंच चित्र. काळं पायपुसणं. खाली लिहिलंय, स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांना हे खड्ड्यासारखं दिसतं, फरशीच्याच रंगाचं वापरा. एवढंच. वाचायला मला चौदा सेकंद लागले. कॉफीला लागली असतील सहा मिनिटं.

आरोग्य केंद्राला फोन केला, दोन्ही नोंदी मागे घेते म्हणून. पलीकडची बाई म्हणाली, नोंद मागे घेण्याची सोय नाही, जे सांगायचं ते तपासनीसांना सांगा. तुमच्याच नियमावलीत तसं आहे, सातवा नियम.

सातवा नियम. प्लॅस्टिकमध्ये.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज दवाखान्यातल्या खोलीत तपासणी होती. मी न बोलावता गेले. एका काखेत शिबिराचे छापलेले कागद, दुसऱ्या काखेत सुतळीनं बांधलेली पायपुसण्याची गुंडाळी. उलगडायला नव्हे, खरंच, नुसता रंग दाखवायचा कोपरा उघडून, एवढंच ठरवलं होतं. आदल्या दिवशी आरशासमोर भाषणही करून पाहिलं होतं.

लारा आणि केटिल भिंतीशी बसलेले. लारानं त्याला टाय बांधला होता. ब्रागी, पन्नाशीचा, समोर कागदांची चळत घेऊन. तपासनीस बाई माझ्या नोंदी वाचत होत्या, मोठ्यानं. 'आक्रमक वर्तन, चिथावणीशिवाय.' 'स्थळाचं भान नाही.' किती स्वच्छ, ठाम भाषा आहे माझी. केटिल टायशी खेळत ऐकत होता. आपल्याविषयी चाललंय हे त्याला कळत होतं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"मला बोलायचंय," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही लिहिलंत ते पुरेसं आहे," ब्रागी म्हणाला. "धन्यवाद. तुम्ही लिहिलं नसतं तर आईनं लपवलंच असतं."

मी घाईनं एक पाऊल पुढे टाकलं, कागद सटकले, ते धरायला गेले तर दुसरी काख सुटली. सुतळी तुटली. गुंडाळी धप्पकन पडली आणि आपोआप उलगडत गेली, माझ्यापासून थेट टेबलापर्यंत. दवाखान्याची फरशी आमच्याहून पांढरी.

"राहू द्या, मी उचलतो," म्हणत ब्रागी उठला आणि पुढे आला.

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. केटिल खुर्चीतून उठला कधी, पोचला कधी, कळलंच नाही. त्यानं मागून दोन्ही हातांनी ब्रागीचे दंड धरले आणि त्याला उचलून मागे खेचलं. खुर्ची उलटली. बाप-लेक दोघं जमिनीवर. तपासनीस बाई उभ्या राहिल्या, त्यांचा हात घंटीवर.

"थांबा," मी म्हटलं. "फक्त त्याचे हात बघा."

केटिल ब्रागीच्या विजारीवरून हात फिरवत होता. गुडघ्यापासून खाली, पुन्हा वर, मग बूट, मग मोजे. धापा टाकत विचारत होता, "भिजलास का? पाणी लागलं का? भिजला नाहीस ना?"

ब्रागीचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानं उठायचा प्रयत्नही केला नाही. मग जमिनीवर बसूनच, आमच्यापैकी कुणाकडे न बघता म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो. तलावावर, मार्चमध्ये. काळं दिसलं, मला वाटलं सावली आहे. यांनी असंच ओढलं होतं, आणि हेच विचारलं होतं." मग बापाचे हात आपल्या हातांत घेऊन, "नाही भिजलो, बाबा. कोरडा आहे."

"बरं झालं," केटिल म्हणाला. "आईला सांगू नको."

लारा तिथेच होती. ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मीही. भाषण कुठल्या कुठे गेलं.

बाईंनी घंटीवरचा हात काढला. म्हणाल्या, नोंदी फाइलमधून निघत नाहीत, पण तुम्ही तिसरी जोडू शकता. तिथेच टेबलावर लिहिली. नोंद क्रमांक तीन: 'धोका निर्माण करणारी व्यक्ती: रुना, वर्गशिक्षिका. वर्तन: पाच आठवडे लोकांना खड्ड्यात चालायला लावलं. केटिल यांनी दोन वेळा लोकांना वाचवलं, इजा पत्करून. तलावावरची वेळ धरली तर तीन. आजची धरली तर चार. स्थळाचं भान: त्यांना होतं.'

बाईंनी ती दोनदा वाचली आणि वॉर्डाचा कागद फाइलच्या तळाशी घातला. केटिल घरीच राहील. रात्रीसाठी आठवड्यातून तीनदा मदतनीस येईल, म्हणजे लाराला झोप मिळेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघतील. कायमचं काहीच नाही, पण आजचं झालं.

पायपुसणं परत गुंडाळलं जाईना. ब्रागीनं एक टोक धरलं, मी एक. बाहेर नेऊन कचऱ्याच्या पिंपात कोंबलं. त्यानं वर पाय देऊन दाबलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मारिसेल परतली. मी तिला सगळं सांगितलं, कॉफीसकट. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मिस रुना, फोन का नाही केलात?"

"मला काय अडणार, असं वाटलं."

त्यावर मात्र तिनं भुवई उचलली. कमावली होती मी ती.

मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून सबंध सभागृह रांगत फिरलो, काय काय कसं दिसतं ते बघत. भिंतीवरून नियमावली काढली. सात नियमांच्या जागी फ्योलासकट केस विंचरणाऱ्या सगळ्या वर्गाचा फोटो लावला. फ्योलाचं मनगट बरं आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल? आणि केस कोणी कापले गं तुझे?"

मंगळवार, ४ मार्च

नवं पायपुसणं फरशीच्याच रंगाचं आहे. मळ भयंकर दिसतो. बॉर्ग दर अर्ध्या तासानं पुसतात आणि माझ्याकडे बघतात.

लाराला म्हटलं, मागच्या खोलीत पलंग टाकलाय, तिथे झोप. ती म्हणाली, "मला ट्रकच बरा. तिथे कुणी हाक मारत नाही." मी तिला माझी रजई नेऊन दिली आणि काचेवर टकटक न करता परत आले.

दहा वाजले. सगळे आत. केटिल दारात आला आणि थांबला. सवयीनं, खाली मान घालून. मी त्याच्या शेजारी, बाहेरच उभी होते. या वेळी ये म्हटलं नाही, हात पसरले नाहीत, जीभ दातांखाली धरली. शिकवायची इतकी खोड आहे की तेवढ्यानंच मला घाम फुटला.

त्यानं टाच पुढे करून एकदा आपटली. ऐकलं. पुन्हा आपटली. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मधोमध जाऊन उभा राहिला, पूर्ण वजन देऊन. तिथून वळून त्यानं माझ्याकडे हात केला.

"ये पोरी," तो म्हणाला. "जाड आहे इथे. घाबरू नको, मी आहे."

मी त्याचा हात धरला आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत आत गेले. वर्ग दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. नोंद केलेली नाही.